तीन गजांचे हाड

तो फोटो पुन्हा फिरू लागला आहे. जमिनीत खणलेला मोठा खड्डा, त्यात आडवा पसरलेला माणसाचा अवाढव्य सांगाडा आणि कवटीपाशी काम करणारा एक इवलासा माणूस. खाली मजकूर असा की सौदी अरबच्या वाळवंटात वायूचा शोध घेताना कौमे आदच्या माणसाचा सांगाडा सापडला, सरकारने तो भाग बंद केला, हा मेसेज दहा जणांना पाठवा. हा मेसेज आता वीस वर्षांहून जुना झाला. आधी ई-मेलवर होता, मग फेसबुकवर आला, आता व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर येतो. तो सुरू झाला तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशी मुले तो आम्हाला वर्गात दाखवतात.

फोटो खोटा आहे. 2002 साली इंटरनेटवर फोटोंची करामत करणाऱ्यांची एक स्पर्धा झाली होती. विषय होता, पुरातत्त्वाच्या उत्खननात काहीतरी अशक्य सापडल्याचे चित्र बनवा. एका चित्रकाराने त्यासाठी हे चित्र तयार केले. त्याचा हेतू कुणाला फसवण्याचा नव्हता. 2004 च्या सुमारास कुणीतरी त्याला आदची गोष्ट जोडली आणि 2007 मध्ये नॅशनल जिओग्राफिकने ही सारी हकीकत छापली.

एवढे सांगून आम्ही पुढच्या धड्याकडे वळणार होतो, तेवढ्यात नववीतल्या एका मुलाने हात वर केला. "सर, फोटो खोटा आहे, तर मग आदची गोष्टपण...?" त्याने वाक्य पुरे केले नाही. वर्ग एकदम गप्प झाला.

हा लेख त्या अर्ध्या वाक्यासाठी आहे. त्या मुलाच्या घरी कुणीतरी मोठ्या प्रेमाने, दीनच्या मोहब्बतीने तो फोटो दाखवला असणार. पण त्या मोहब्बतीत त्याच्या ईमानाची एक खुंटी भिंतीऐवजी पुठ्ठ्यात ठोकली गेली. पुठ्ठा फाटला की खुंटी निघणारच. कुरआनात आदचा उल्लेख आहे, हूद अलैहिस्सलाम यांचा उल्लेख आहे, आणि तो उल्लेख या फोटोच्या आधारावर कधीच उभा नव्हता. सूरह हुजुरातमध्ये खबर आणणाऱ्याची खबर तपासून घेण्याचा जो हुकूम आहे, तो खबर आपल्या आवडीची असली तरी लागू होतो. आमच्या मते आवडीची असली तर जास्तच.

आता खरी मौज पाहा. त्या चित्रकाराने खड्ड्याचा फोटो आणला कुठून? खड्डा खरा होता. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क गावी 2000 साली एका घराच्या आवारातल्या तळ्यात हे उत्खनन झाले. तिथे सापडला तो मॅस्टोडॉन, म्हणजे हत्तीचा केसाळ नातेवाईक. हिमयुग संपता संपता तो उत्तर अमेरिकेतून नाहीसा झाला. चित्रकाराने हत्तीची हाडे पुसून त्या जागी माणसाची हाडे बसवली. हत्तीच्या हाडांना माणूस करण्याचा हा प्रकार मात्र नवा नाही. आपल्या मुलखात तो साडेसहाशे वर्षांपूर्वी, कोणत्याही संगणकाशिवाय झाला आहे.

मुहंमद कासिम फरिश्ता हे नाव इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले असेल. इराणच्या अस्तराबादचा हा मुलगा लहानपणी वडिलांबरोबर अहमदनगरला निजामशाहीत आला, तिथेच वाढला आणि 1589 मध्ये विजापूरला गेला. तिथे इब्राहीम आदिलशहा दुसरा याच्या आश्रयाने त्याने हिंदुस्थानचा मोठा इतिहास फारसीत लिहिला. पुढे तो इंग्रजीत आणला जॉन ब्रिग्ज यांनी, जे कंपनी सरकारचे खानदेशातले पोलिटिकल एजंट होते. म्हणजे लिहिणारा आपल्या नगरचा आणि भाषांतर करणारा आपल्या खानदेशात राहिलेला.

फरिश्ता लिहितो की 1360 च्या सुमारास सुलतान फिरोजशहा तुघलकाने सरहिंदच्या बाजूला दोन प्रवाह जोडण्यासाठी मधला उंचवटा खणायला हजारो मजूर लावले. खणताना हत्तींची आणि माणसांची हाडे निघाली. त्यातले माणसाच्या हाताचे, कोपरापुढचे हाड तीन गजांचे भरले. काही हाडे दगड झालेली होती, काही अजून हाडासारखीच होती.

फरिश्ताने हे डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. घटना त्याच्या आधी दोनशेहून अधिक वर्षांची, आणि तीन गज म्हणजे ब्रिग्जच्या हिशेबाने पाच फूट दोन इंच. एवढ्या अंतरावरून आलेल्या मापात थोडी हवा भरली गेली असेल तर नवल नाही. पण दगड झालेल्या हाडांची नोंद पक्की आहे. जो माणूस काल्पनिक गोष्ट रचतो तो "काही दगड, काही हाडासारखी" असा बारकावा घालत नाही. शिवालिकच्या पायथ्याकडच्या मुलखात अशीच हाडे निघतात. मजुरांनी एक गोष्टही बरोबर ओळखली होती, ती म्हणजे हत्ती. दुसरी चुकली. तो "माणूस"ही बहुधा हत्तीच्याच जातीचा होता.

यात त्यांना हसण्यासारखे काही नाही. हत्तीचे मांडीचे हाड सुटे मिळाले तर भलेभले फसतील. आपल्या ओळखीच्या गाई-बैलांच्या मांडीचे हाड आखूड आणि जाड असते. हत्तीचे लांब, सरळ, खांबासारखे असते आणि वर गोल गड्डा असतो. पाहताच माणसाची आठवण येते, आणि लांबी मीटरभर. मग हा कुणी महाकाय माणूस असणार, दुसरे काय! फोटोवाल्याने मात्र एक ठळक खूण सोडली. हरणाची तंगडी आणि हत्तीचा पाय आठवा. शरीर उंचीने दुप्पट झाले तर वजन आठपट होते, पण हाडाची जाडी त्याच प्रमाणात वाढली तर तिची ताकद चौपटच होते. म्हणून मोठ्या जनावराचे हाड लांबीच्या मानाने फार जाड असते. गॅलिलिओने 1638 मध्ये हे लिहून ठेवले आहे. फोटोतला सांगाडा मात्र आपल्या प्रयोगशाळेतल्या सांगाड्याची जशीच्या तशी मोठी झेरॉक्स आहे. अल्लाहच्या कुदरतीला अशक्य काही नाही. फोटोशॉपच्या कुदरतीला मात्र मर्यादा आहेत.

काही वाचक इथे हजरत आदम अलैहिस्सलाम यांच्या कदाविषयीची हदीस पुढे करतील. तिचा अर्थ सांगणे उलेमांचे काम आहे, आमचे नाही. एवढे मात्र नमूद करतो की बुखारी शरीफचे मोठे भाष्यकार इब्ने हजर अस्कलानी, जे पंधराव्या शतकात वारले, त्यांनी याच हदीसवर लिहिताना स्वतःच एक अडचण मांडली. समूदसारख्या जुन्या कौमांची जी घरे उरली आहेत, त्यांवरून ते लोक अतिउंच होते असे दिसत नाही, आणि या अडचणीचे उत्तर आपल्याला अद्याप सापडलेले नाही, असे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले. एवढा मोठा आलिम दगडाची साक्ष ऐकून घेतो आणि उत्तर घाईने बनवत नाही.

फिरोजशहाच्या मजुरांनंतर जवळपास पावणेपाचशे वर्षांनी त्याच पट्ट्यात दोन ब्रिटिश पोहोचले. ह्यू फाल्कनर हे सहारनपूरच्या सरकारी बागेचे प्रमुख, आणि प्रॉबी कॉटली हे कालव्यांचे इंजिनियर. पुन्हा कालवाच! 1830 च्या दशकात त्यांनी शिवालिकच्या टेकड्यांतून हाडांचा डोंगर जमवला. आसपासचे लोक अशा हाडांना विजेची हाडे म्हणत. या दोघांनी हाडांची तुलना केली, नावे दिली. हत्तीसारखा स्टेगोडॉन, ज्याचे सुळे लांबच लांब. शिवाथेरियम, जिराफाच्या घराण्यातला, पण बैलासारखा भारदस्त आणि डोक्यावर फांद्यांसारखी शिंगे असलेला. शिवाय घोडे, पाणघोडे, उंट. 1837 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने दोघांना मिळून वॉलस्टन पदक दिले. कॉटलींनी ब्रिटिश म्युझियमला पाठवलेल्या हाडांच्या पेट्याच 214 होत्या.

आता वर्गातला दुसरा नेहमीचा प्रश्न. ही हाडे लाखो वर्षांची आहेत हे सांगितले कुणी? याच्या जोडीलाही एक फॉरवर्ड आहेच: "शास्त्रज्ञ हाडावरून दगडाचे वय ठरवतात आणि दगडावरून हाडाचे, म्हणजे सगळी गोल गोल फसवणूक." ऐकायला हुशारीचे वाटते. पण वय ठरवण्याची पद्धत आपल्या घरांत जी गोष्ट चांगली ठाऊक आहे तिच्याशी मिळतीजुळती आहे. हदीसचे इमाम एका रावीवर थांबत नसत. तो कोण, कुणाकडून ऐकले, आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या दुसऱ्या साखळ्यांतून तेच येते का, हे पाहत. दगडाच्या बाबतीत हेच चालते.

पहिला साक्षीदार म्हणजे थरांचा क्रम. शिवालिकच्या टेकड्या हिमालयातून नद्यांनी वाहून आणलेल्या वाळूच्या, चिखलाच्या आणि गोट्यांच्या थरांनी बनल्या आहेत. नदी गाळ कसा टाकते हे हजार वर्षांपूर्वी अल-बिरूनीने टिपले होते: डोंगराजवळ मोठे गोटे, पुढे लहान, शेवटी वाळू. त्यावरून हिंदुस्थानचे मैदान पूर्वी समुद्र होते आणि गाळाने भरत आले असे अनुमान त्याने काढले. थर उलटसुलट झालेले नसतील तर खालचा आधीचा, वरचा नंतरचा, हे तर धान्याच्या कोठीवरूनही कळते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाय पिल्ग्रिम यांनी या थरांना खालून वर नावे दिली: कामलियाल, चिंजी, नागरी, ढोक पठाण, तत्रोट, पिंजोर. पहिली पाच गावे आजच्या पाकिस्तानातल्या पोटवार पठाराच्या परिसरातली आहेत. पिंजोर हरियाणात, जिथे नवाब फिदाई खानाने लावलेली मुघल बाग आजही आहे. कोणत्या थरात कोणते जनावर हे यातून कळले. तीन बोटांचा घोडा, हिपॅरियन, खालच्या थरांत येतो. एका खुराचा, आपल्या टांग्याचा घोडा वरच्या पिंजोर थरात. हा क्रम कुठेही खणा, उलटत नाही. पण आधीचा आणि नंतरचा एवढेच यातून समजते, वर्षे समजत नाहीत.

वर्षे सांगायला दुसरा साक्षीदार लागतो आणि तो हाडांशी काही देणेघेणे नसलेला असावा लागतो. असा एक म्हणजे ज्वालामुखीची राख. ज्वालामुखीच्या खडकात पोटॅशियम असते. त्याचा एक किरणोत्सारी प्रकार ठरलेल्या गतीने आरगॉन वायूत बदलत राहतो. निम्मे व्हायला 125 कोटी वर्षे लागतात. लाव्हा पातळ असताना वायू उडून जातो. खडक थिजला की कुकरचे झाकण बसले, त्यापुढे झालेला आरगॉन आतच अडकतो. प्रयोगशाळेत पोटॅशियम किती आणि आरगॉन किती हे मोजायचे की झाकण कधी बसले ते कळते. राखेतल्या झिरकॉनच्या बारीक कणांतही युरेनियमचे अणू फुटून ओरखडे उठतात, ते मोजता येतात. जम्मूजवळ आणि पिंजोर भागात घग्गर नदीकाठी शिवालिकच्या थरांत अशी राख सापडली. या ओरखड्यांवरून तिचे वय वीस ते तीस लाख वर्षांच्या दरम्यान निघाले.

मुले विचारतात, कार्बन का नाही वापरत? कार्बन-14 दर 5,730 वर्षांनी निम्मा होतो. पन्नास हजार वर्षांनंतर मोजण्यासारखे काही उरतच नाही. हाइड पार्कच्या मॅस्टोडॉनला तो चालतो, स्टेगोडॉनला चालत नाही. सोनाराच्या काट्यावर ट्रक तोलण्यासारखे ते होईल.

तिसरा साक्षीदार सर्वांत अजब आहे. पृथ्वीचे चुंबकत्व अधूनमधून उलटते. शेवटचे ते सुमारे 7 लाख 80 हजार वर्षांपूर्वी उलटले. त्याआधीच्या काळात आपले होकायंत्र असते तर सुई दक्षिणेकडे वळली असती. गाळ खाली बसतो तेव्हा त्यातले लोखंडाचे सूक्ष्म कण त्या वेळच्या दिशेने वळतात आणि तसेच गोठतात. जगभरच्या लाव्हांवरून या उलटापालटीची तारीखवार यादी तयार झाली आहे. 1970 नंतर पाकिस्तानचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाते आणि अमेरिकन विद्यापीठांचे लोक यांनी मिळून पोटवारमध्ये थरामागून थर तपासला, सुलट-उलट असा पट्टा तयार केला आणि तो यादीशी जुळवला. हिपॅरियन घोडा तिथे सुमारे 1 कोटी 8 लाख वर्षांपूर्वी पहिल्यांदा दिसतो हे त्यातून निघाले. एका खुराचा घोडा सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी येतो. पिंजोर थराच्या तळाशी जी चुंबकीय उलथापालथ आहे तिचे वयही 25 ते 26 लाख, आणि राखेचे आकडे तिच्याच आसपास. आरगॉनला घोडा माहीत नाही, लोखंडाच्या कणाला युरेनियम माहीत नाही. ज्यांनी आपसात सल्ला केला असणे शक्यच नाही असे साक्षीदार एकच सांगतात, तेव्हा आम्ही ते मानतो.

साक्षीदार भांडले तर काय होते? याचे उदाहरण आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. नारायणगावच्या पुढे कुकडी नदीकाठी बोरी नावाचे गाव आहे. तिथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर आहे, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना तिथे आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली. 1980 च्या दशकात राखेचे पहिले वय आले सुमारे 14 लाख वर्षे. काही वर्षांनी आरगॉनच्याच सुधारलेल्या पद्धतीने आले सुमारे 6 लाख 70 हजार. मग दुसऱ्या गटाने राखेतल्या काचेची रासायनिक घडण तपासून सांगितले की ही इंडोनेशियातल्या तोबा ज्वालामुखीची राख आहे, म्हणजे सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीची. तेही सर्वांना पटले नाही. 14 लाख कुठे आणि 75 हजार कुठे!

फॉरवर्डवाल्याच्या हाती हे लागले तर तो म्हणेल, पाहा, काहीच खरे नाही. आम्हाला यात उलट दिसते. भांडण झाले ते उघड्यावर, छापील निबंधांत, नमुने आणि आकडे समोर ठेवून. धोका कुठे असतो हेही सांगता येते. आपल्याकडचा काळा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. नदीच्या गाळात त्याचे दोन-चार कण राखेत मिसळले तरी त्यांतला जुना आरगॉन राखेचे वय फुगवतो. म्हणून एका मोजणीवर विसंबून चालत नाही, म्हणून दुसरी-तिसरी पद्धत लागते. बोरीच्या राखेला अजून सर्वांना मान्य अशी सनद नाही. शिवालिकच्या घोड्याला आहे. दोन्ही गोष्टी एकाच वर्गात शिकवता येतात.

आणि हो, मोठ्या हत्तीसाठी शिवालिकपर्यंत जायची गरज नाही. नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वरला आपण पक्षी पाहायला जातो. तिथे गोदावरीच्या गाळात पूर्वी एक प्रचंड हत्तीची कवटी निघाली होती. याच पिल्ग्रिम यांनी 1905 मध्ये तिच्यावर लिहिले. ही जात आज जगात नाही. फरिश्ता जिथे वाढला त्या नगरपासून ही जागा फार दूर नाही. ते हाड त्याच्या डोळ्यांसमोर निघाले असते तर त्याने गज घेऊन स्वतः मोजले असते, असे आम्हाला उगाच वाटते.

त्या नववीतल्या मुलाला आम्ही दोन वेगवेगळी उत्तरे दिली. आदची गोष्ट कुरआनात आहे, ती मेसेजमुळे आली नव्हती आणि मेसेजमुळे जात नाही. फोटो हत्तीच्या खड्ड्याचा आहे, आणि तो हत्तीही पाहण्यासारखा होता. पृथ्वीचे वय किती वर्षे हे कुरआनने आकड्यात सांगितलेले नाही, तेव्हा पंचवीस लाखांचा आकडा ऐकून घाबरायचे कारण नाही, हेही सांगितले. सूरह अन्कबूतमध्ये जमिनीवर फिरून निर्मितीची सुरुवात पाहण्याची आज्ञा आहे. तो पंधरा मिनिटांत मॅस्टोडॉनच्या सुळ्यांवर घसरला. त्याला आता हे हवे आहे की ते किती लांब, आणि आपल्या गावच्या नदीत सापडतील का.

ज्या घरांत असे प्रश्न येतात त्यांच्यासाठी दोन पत्ते. पुण्यात येरवड्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात दगडी हत्यारे पाहायला मिळतात, जाण्याआधी वेळ विचारून घ्यावी. उन्हाळ्यात चंदीगड-शिमल्याकडे जाणे झाले तर हिमाचलमध्ये नाहनजवळ सुकेती येथे शिवालिक जीवाश्म उद्यान आहे. तिथे शिवाथेरियम, स्टेगोडॉन यांचे पूर्ण आकाराचे पुतळे उघड्यावर उभे आहेत आणि छोट्या संग्रहालयात खरी हाडेही ठेवली आहेत. नदीत कुणाला दगडासारखे जड हाड सापडले तर ते घरी नेऊ नका, फोडू तर मुळीच नका. जागेसकट फोटो काढा आणि जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागाला दाखवा, कारण आपल्या थरातून उचललेल्या हाडाचे वय नंतर सांगता येणे कठीण होते.